बारा घरं, दहा बोटं

हे मी बोलतोय आणि लिवतेय आमची सून. ती शाळेत शिकवते. मी शाळेची पायरी चढलो नाय, पण शाळेचं छप्पर चढलोय, कौलं शाकारायला. सुनेला पहिलंच सांगून ठेवलंय, माझं बोलणं धुवून वाळत घालायचं नाय, हाय तसं वल्लंच उतरव. ती म्हणते, "मामंजी, लोक हसतील." म्हटलं, हसू देत की. मी रडण्यासारखं काय केलं असतं तर कोर्टात सांगितलं असतं.

पोलादपूरच्या वर डोंगराच्या कुशीत कातकऱ्यांची एक वाडी हाय. तिकडं तुमी गेला नसाल. यष्टी जात नाय, बाजार भरत नाय, आणि वाडीला दुसरं नाव नाय, वाडीच म्हणतात. मी तीन येळा गेलो. पहिल्या खेपेला काय दिसलं नाय, दुसऱ्या खेपेला माझी फजिती झाली, आणि तिसऱ्या खेपेला जरा शहाणा झालो. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ही गोष्ट.

महाड

मी दासगावचा. बंदरात लाँचीवर दोर फेकायचो, पोती चढवायचो. लाँची कमी झाल्या तसा महाडात आलो. धरणाच्या हापिसात माणसं घेतायत असं कळलं. तिथं इचारलं, "आधी काय काम केलंयस?" म्हटलं, "खलाशी." ते म्हणाले, "वा, खलाशीच पायजे." दुसऱ्या दिवशी माझ्या हातात लोखंडाची साखळी दिली आणि डोंगर दाखवला. तेव्हा कळलं, मोजणीच्या कामात साखळी ओढतो त्यालाबी खलाशीच म्हणतात. सहा महिने मी डोंगरावरचा खलाशी होतो, आणि घरी सांगत होतो की नोकरी पाण्याची हाय. अगदीच खोटं नव्हतं. पाणी पुढं येणार होतं.

ओव्हरशियरसाहेब दुर्बिणीतनं बघायचे आणि मी लांब पट्टी धरून उभा राहायचो. "डावीकडे" म्हणाले की मी उजवीकडं सरकायचो. मंग ते हात हलवायचे, म्हणजे तिथं खूण कर. मी दगडावर लाल रंगाची रेघ मारायचो. धरण झालं की पाणी त्या रेघेपर्यंत चढणार, असा हिशोब. रंगाचा डबा माझ्या ताब्यात. दासगावात मला कुणी दाराच्या चौकटीलाबी रंग लावू दिला नसता, हितं आख्खा डोंगर मोकळा होता. त्या येळी आमी वाडीच्या अंगावरनं गेलो, पण वाडी काय मी बघितली नाय. रंगाच्या डब्यात बघत होतो.

पुढं महिन्याभरानं साहेबांनी बोलावलं. टेबलावर एक कागद, वर सरकारी शिक्का, खाली एकापासून बारापर्यंत आकडे. साहेब पुण्याकडले, त्यांचं बोलणं छापल्यासारखं.

"वाडीत बारा घरं आहेत. प्रत्येक घराचा एक अंगठा. वरच्या टोकाचं घर एक नंबर, ओढ्याजवळचं बारा. आकडे येतात ना?"

"साखळी मोजतो साहेब. शंभरापर्यंत येतात."

"बारापर्यंत पुरे. शनिवारी कागद माझ्या टेबलावर पाहिजे. मी आलो असतो, पण गुडघा धरलाय. हे नीट केलंस तर तुझं कायम व्हायचं मी बघतो."

कायम. ज्याचं पोट रोज सकाळी हजेरीच्या वहीत अडकलेलं असतं, त्याला इचारा कायम म्हणजे काय. मला त्या शब्दाबरोबर ताट दिसलं, ताटात मासा दिसला, आणि हापिसातल्या खुर्चीवर बसून दुसऱ्या खलाशाला "डावीकडे" म्हणणारा मी दिसलो.

"आणि साहेब, कोण घरी नसलं तर?"

साहेबांनी माझ्या हाताकडं बघितलं. "देवाने दहा बोटं कशाला दिलीत?" म्हणाले आणि हसले. मीबी हसलो. साहेब हसले की हसायचं, रोजंदारीत ते कामातच धरतात.

पोलादपूर

यष्टीत जागा मिळाली, तोच घात झाला. जांभळ्या शाईचा पॅड मी लेंग्याच्या मागच्या खिशात टाकला होता. पत्र्याच्या डबीचं झाकण उघडलं आणि दासगावपासनं पोलादपूरपर्यंत... नाय, महाडपासनं. सून म्हणतेय नीट सांगा. तर महाडपासनं पोलादपूरपर्यंत मी शाईवर बसून आलो. उतरलो तशी मागनं एक बाई म्हणाली, "अगो, ह्याच्यावर शिक्का मारून पाठवलाय." हाटेलात च्या प्यायला गेलो तर मालक म्हणाला, "पाव्हणं, उभ्यानंच घ्या. बाकडं कालच घासलंय." उभ्यानं च्या प्यालो, उभ्यानं भजी खाल्ली. मिरचीची भजी पोलादपूरसारखी महाडात मिळत नाय. नाकातनं पाणी येतं आणि माणूस आणखी एक प्लेट सांगतो.

तिथनं चालायचं. सावित्री डाव्या हाताला, हिवाळ्यात बारीक झालेली, दगडगोट्यांतनं अंग चोरून जाते. दासगावला हीच नदी एवढी रुंद की पलीकडच्याला हाक मारली तर तो दुसऱ्या दिवशी ओ देईल. हितं तिच्यावरनं मी उडी मारली. म्हणजे मारायला गेलो, आणि अर्ध्यात पोचलो.

चढाच्या पायथ्याला एक म्हातारे शेतकरी गवताचे भारे बांधत बसले होते. दोन मुलगे मुंबईला, घरी हे आणि बैल. कुठं चाललास, इचारलं. सांगितलं.

"कातकऱ्यांना काय इचारायचं रे? आज हितं, उद्या भट्टीवर. त्यांच्या नावावर सातबारा हाय काय?"

"नसंल."

"मंग?"

"बरोबर हाय तुमचं," मी म्हटलं. मला सगळ्यांचंच बरोबर वाटतं, हे माझं जुनं दुखणं. जाता जाता इचारलं, "बुवा, धरणात तुमचं किती जातंय?"

"माझं? माझं नाय जात. गेलं असतं तर मी हितं गवत बांधत बसलो असतो? कोर्टात असतो." आणि त्यांनी भाऱ्याला अशी गाठ मारली की गवत करकरलं.

वाडी

दुपारच्याला पोचलो. कारवीच्या कुडाची, मातीनं लिंपलेली बारा घरं, एकाखाली एक, पार ओढ्यापर्यंत. लिंपण असं गुळगुळीत की मला माझ्या घराची लाज वाटली. आमच्या भिंतीला हात फिरवला तर हात सोलतो. पण बारांतली आठ घरं बंद. दारं काथ्यानं बांधलेली.

वाडीचा नाईक, म्हणजे पुढारी, काळू. पन्नाशीचा, बारीक, चिवट माणूस. तो आला, त्यानं पाणी दिलं, बसायला घोंगडं टाकलं. मी बसताना जरा तिरका बसलो. शाई अजून वल्ली होती.

"बाकीची मंडळी?" मी इचारलं.

"कोळशाच्या भट्टीवर, वर देशाला. दिवाळी झाली की जातात. शिमग्याला येऊन जातील."

मी कागद काढला. तेवढ्यात एक म्हातारी कंद सोलत होती ती तशीच हातात कंद घेऊन आली. तिला सोमीआजी म्हणत. वय तिलाबी माहीत नव्हतं. पाठ वाकलेली, पण नजर अशी की माझ्या शर्टाचं बटण तुटलेलं हाय ते मला तिच्या बघण्यावरनं कळलं.

"काय म्हणतो कागद?" तिनं इचारलं.

आता मला वाचता येत नाय, आणि ते सांगायला लाज वाटते. मी कागदावरनं बोट फिरवत साहेबांचं ऐकलेलं बोललो. धरण होणार, पाणी येणार, सगळ्यांचं भलं होणार, तुमाला दुसरीकडं जागा मिळणार.

"दुसरीकडं कुठं?"

बोट थांबलं. त्या जागी कागदात काय होतं देव जाणे. "ते पुढल्या पानावर हाय," मी म्हटलं. पान एकच होतं.

काळू नाईक खाली बघत म्हणाला, "पाव्हणं, तुमी इचारायला आलाव की सांगायला?"

"इचारायला," मी म्हटलं. "अंगठा घ्यायलाच आलोय."

"मंग वाडी बसायला पायजे. बारा घरांतनं बारा माणसं. एक कमी असलं तरी वाडी बसत नाय. त्यात बाईमाणूस बोलल्याबिगर तर उठत नाय."

"अवो, चार घरं हायत ना? चार तर द्या."

"चार घरं म्हंजे वाडी नाय. चार घरं म्हंजे चार घरं."

आमच्याकडं बैठक म्हणजे दोघं बोलतात आणि बाकीचे मान हलवतात, त्यातले दोन झोपलेले असतात. ही रीत मला नवीन होती. नाईकानं वाद घातला नाय, आवाज चढवला नाय. "जेवूनच जा," म्हणाला आणि लाकडं फोडायला गेला. म्हणजे त्याच्या बाजूनं बोलणं संपलं होतं. शिमगा दोन महिन्यांवर होता आणि शनिवार उद्या.

मी ओढ्यावर गेलो. हात-पाय धुतो म्हणून सांगून गेलो. तिथं एक डोह हाय, पाणी असं की तळाचा दगड मोजता येतो. काठाला बसलो. कागद मांडीवर, पॅड शेजारी. ह्याच्यापुढं जे केलं ते सांगताना सुनेकडं बघत नाय.

एक नंबरला उजवा अंगठा. दोनला डावा. मंग बोटं. प्रत्येक बोटाला मनात एकेक माणसाचं नाव दिलं, म्हणजे बरं वाटेल म्हणून. बरं वाटलं नाय. पण हात थांबला नाय, कारण मधे मधे ताटातला मासा दिसत होता. दहा झाले. बोटं संपली, घरं राह्यली. साहेबांनी घरं बारा सांगितली आणि बोटं दहा, तेव्हाच मला कळायला पायजे होतं की हिशोब चुकलाय.

मंग वहाण काढली. उजव्या पायाचा अंगठा शाईत टेकवला आणि कागद खाली धरून अकरा नंबरवर उठवला. बटाट्यासारखा आला. पण आला. बाराव्याला डावा पाय उचलला, त्यात पोटरीत गोळा आला. एका पायावर उभा, एका हातात कागद, दुसऱ्या हातानं पोटरी चोळतोय, आणि अंगठा बरोबर बारावर टेकला, तसा मी डोहात गेलो. गळ्यापर्यंत. कागद मात्र वर धरला होता. सरकारी कागद वाचला. खलाशीपणाचा तेवढाच उपयोग झाला.

वाडीत आलो तर कोण हसलं नाय, ह्याचं मला जास्त वाईट वाटलं. सोमीआजीनं आपलं जुनं लुगडं दिलं गुंडाळायला. माझे कपडे चुलीपाशी वाळत घातले. आणि मी लुगडं नेसून, चार घरच्या माणसांत, जेवायला बसलो. ऊन अजून कौलावर... कौलं कुठली, गवताच्या छपरावर होतं.

जेवण काय सांगू. नाचणीची भाकर, ओढ्यातल्या चिंबोऱ्यांचं तिखट कालवण आणि उकडलेला कडूकंद. हा कंद कच्चा खाल्ला तर घसा धरतो. चकत्या करून वाहत्या पाण्यात ठेवतात, मंग उकडतात. त्याला दोन दिवस लागतात. मी इचारलं, एवढी खटपट कशाला? आजी म्हणाली, "घाई करशील तर तो तुला खातो."

मी चिंबोरीची नांगी फोडायला हात पुढं केला. तसा आजीचा हात आला आणि माझं मनगट धरलं.

"हे काय रे?"

"पॅड सांडलं आजी. यष्टीत. हे बघा, लेंगाबी रंगलाय."

ती माझा तळवा वर करून बघत राह्यली. मंग दुसरा हात मागितला. दोन्ही हात असे तिच्यापुढं धरून मी लुगड्यात बसलोय. शाळेत गेलो असतो तर मास्तरांनी असंच बसवलं असतं.

"माझी आजी काथ उकळायची," ती म्हणाली. "खैराचा काथ. त्यावरनंच आमाला कातकरी म्हणतात. काथानं हात रंगला की कशानं रंगला, कसा रंगला, ते आमच्यात बारकं पोरबी वळखतं. सांडलं तर तळवा रंगतो. तुझा तळवा कोरा हाय आणि दहाच्या दहा शेंड्या जांभळ्या. अंगठा मागायला आलास, बोटं कशाला बुडवलीस?"

काळू नाईकाची नजर माझ्या पायाकडं गेली. मी पाय लुगड्यात वढला, पण उशीर झाला होता.

"पायबी?" नाईक म्हणाला.

मी कागद काढून दिला. दुसरं काय करणार. लुगड्यात असताना माणसाला खोटं बोलायचा जोर येत नाय.

"माझं घर वरनं तिसरं," आजी म्हणाली. "माझा कंचा ह्यातला?"

मी तीन नंबर दाखवला. माझी करंगळी होती. आजीनं आपला अंगठा त्याच्या शेजारी टेकवला, शाईबिगर, नुसताच. म्हणाली, "बघ. माझ्या अंगठ्याला रेघ नाय उरली. कंद खणून खणून गेली. आणि ह्याच्यावर बघ, नवरीच्या मेंदीवानी नक्षी हाय. हा मी नाय."

खरंच तिचा अंगठा ओढ्यातल्या गोट्यासारखा गुळगुळीत होता.

"आणि माझं?" काळू नाईक म्हणाला. "बारावं."

मी बारा नंबरवर बोट ठेवलं. त्यानं बटाट्यासारखा तो ठसा बघितला, माझ्या पायाकडं बघितलं. म्हटलं आता मारतो. पाय लावला म्हणून आमच्याकडं डोकी फुटलीत. पण त्याच्या गालात काहीतरी हललं. "पाव्हण्यानं माझ्या घराला पाय लावला," तो म्हणाला, "आणि बिचारा डोहात गेला. डोहानंच न्याय केला." मंग मात्र सगळी हसली. चार घरची माणसं, पण हसली बारा घरांसारखी. मीबी हसलो, साहेबांबरोबर हसतो तसं नाय, आपलं आपण.

आजी हसली नाय. ताटं उचलल्यावर "चल" म्हणाली.

वाडीच्या मागं, उंबराखाली, दगड रचलेली जागा हाय. तिथं त्यांची माणसं पुरलेली. तिच्या नवऱ्याच्या उशाला एक मोठा दगड, आणि त्याच्यावर माझी लाल रेघ. सरळ आली होती. महिन्याभरापूर्वी मला त्या रेघेचं कौतुक वाटलं होतं, ते आठवलं.

"तू ह्याच दगडावर बसून भाकर खाल्लीस," आजी म्हणाली. "आमी वरनं बघत होतो. म्हटलं पाव्हणा हाय, भाकर खाऊन इचारेल, हे कुणाचं हाय म्हणून. तू तोंड पुसलंस, दगडाला रंग लावलास आणि गेलास."

"मंग बोलला का नाय आजी तुमी?"

"तू इचारलंस का?"

सून म्हणतेय हितं काहीतरी लिवूया. नको. हितं काय नाय.

मी त्या राती वाडीतच झोपलो. सकाळी उठून म्हटलं, "नाईक, कागद फाडू काय?"

"फाडलास तर साहेब दुसरा करेल," नाईक म्हणाला. "आणि बोटं रंगवायला तुझ्यासारखा दुसरा मिळेल. हाच न्यायचा. आमी येतो."

चवदार तळे

तर शनिवारी कागदाबरोबर मी, काळू नाईक आणि सोमीआजी असे तिघं महाडात उतरलो. आजीला यष्टी लागली, पण ती उलटी न करता तोंड मिटून बसली. मी उलटी केली.

हापिसात जायच्या आधी तिला तहान लागली. मी दोघांना तळ्यावर नेलं. आजीनं पायरीवर थांबून इचारलं, "हितं पाणी प्यायला कुणाला इचारायचं?"

"कुणाला नाय आजी. माझ्या बापानं आणि बाकीच्यांनी मार खाऊन ती सोय केलीय. तुमी प्या."

बाप माझा पाणी प्यायला आलेल्या लोकांत होता. कपाळावर खूण घेऊन घरी आला, ती मरेपर्यंत दाखवत होता. ओंजळ भरून पाणी घेतलं तर माझी दहा बोटं पाण्यात जांभळी दिसत होती. बाप असता तर इचारलं असतं, हे काय रे. त्याला काय सांगितलं असतं? की बाबा, तू पाण्यासाठी डोकं फोडून घेतलंस, आणि मी पाण्यासाठी दुसऱ्याचं घर बुडवायला निघालो होतो, तेबी पायाच्या अंगठ्यानं. मी पाणी प्यालो आणि उठलो. पाय जरा घट्ट पडायला लागले.

हापिसात

साहेबांनी कागद बघितला, बारा ठसे मोजले. "शाबास," म्हणाले. मंग माझ्यामागची दोघं दिसली. "हे कोण?"

"तीन नंबर आणि बारा नंबर," मी म्हटलं.

आजी म्हणाली, "साहेब, कागद वाचून दावा."

साहेबांना वाचावं लागलं, कारण आतल्या खोलीत अलिबागहून आलेले मोठे साहेब बसले होते आणि दार उघडं होतं. कागदात लिवलं होतं की आमी खाली अंगठे उठवणारे, राजीखुशीनं, कुणाच्या दाबाशिवाय, समजून उमजून जागा सोडायला तयार हाओत. दुसरी जागा कुठं, ते कागदात नव्हतंच. मला वाटलं होतं मी वाचताना गाळलं.

"आमची खुशी," काळू नाईक म्हणाला, "आमाला दावल्याबिगर लिवली साहेब."

"तुमचे अंगठे आहेत की खाली."

"नाय साहेब," मी म्हटलं. "माझे हायत."

"काय बडबडतोस? कशावरून?"

इतके महिने मी साहेबांपुढं बोललो म्हणजे "हो" बोललो. त्या दिवशी काय अंगात आलं, वहाण काढली आणि डावा पाय उचलून टेबलावर ठेवला. शाई गेली नव्हती. अंगठा बरोबर बारा नंबरच्या शेजारी टेकवला. "जोडी बघा साहेब," म्हटलं.

हापिसातले टाइपरायटर बंद पडले. आतनं मोठे साहेब बाहेर आले. त्यांनी टेबल बघितलं, पाय बघितला, कागद बघितला. चष्मा काढून पुसला आणि परत पाय बघितला. माझ्या पोटरीत तेवढ्यात गोळा आला, त्यामुळं पाय खाली घेता येईना. शेवटी काळू नाईकानं उचलून खाली ठेवला.

"बाकीचे अकरा?" मोठ्या साहेबांनी इचारलं.

मी दोन्ही हात पुढं केले, आणि उजवी वहाणबी काढायला लागलो. "राहू द्या," ते म्हणाले. "समजलं." मंग आजीकडं वळून इचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?"

"आमचं म्हणणं अजून झालंच नाय," आजी म्हणाली. "शिमग्याला वाडी भरते. तेव्हा या. बसा. इचारा. मंग सांगू."

मोठ्या साहेबांनी त्या कागदावर आडवी रेघ मारली. निळ्या शाईची होती, पण मला ती माझ्या लाल रेघेपेक्षा सरळ वाटली. माझ्या नावावरबी त्याच दिवशी रेघ पडली. टेबलावर पाय ठेवणाऱ्याला कुणी कायम करत नाय. मी आता दासगावात वाळूच्या होडीवर हाय. परत खरा खलाशी झालो.

परत वाडी

शिमग्याला मोठे साहेब खरंच आले. वाट दाखवायला मला बोलावलं, आणि पायथ्याशी म्हणाले, "तुम्ही पुढे चाला, पण टेबल दिसलं तर सांगा." भट्टीवरची मंडळी आली होती, अंगात कोळशाचा वास, नखांत काळं. बारा घरांतनं बारा जण उंबरापाशी बसले. दोन दिवस बसले. साहेबांना दोन दिवस कंद खावा लागला. बायका बोलल्या, परत बोलल्या, मधेच भांडल्या. शेवटी काळू नाईक उठला आणि म्हणाला, "हितं नको. खालच्या खिंडीत बघा. पण तिथं ज्यांची शेतं हायत त्यांनाबी बसून इचारा."

खालच्या खिंडीत त्या गवतवाल्या बुवांची जमीन. बुवा आता गवत बांधत नसतील.

धरणाचं पुढं काय ठरलं ते मला ठाऊक नाय. पण वाडी हाय तिथंच हाय, आणि साहेबांनी वहीत उत्तर लिवून घेतलं, वाचून दाखवलं, मंगच उतरले.

मी मागं राह्यलो. मी वर येताना रॉकेलची बाटली आणि चिंध्या आणल्या होत्या. तेलाचा रंग रॉकेलनं निघतो. दगडापाशी गेलो, चिंधी भिजवली, आणि तशीच हातात धरून परत आजीच्या दारात आलो.

"आजी, ती रेघ पुसू काय?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "बस," म्हणाली. "इचारते."

परत वाडी बसली. साहेबांच्या धरणाला दोन दिवस लागले होते, माझ्या रेघेला अडीच लागले. मी बसून राह्यलो, कंद खाल्ला, लाकडं फोडली, डोहात परत पडलो नाय. तिसऱ्या दिवशी दुपारी आजी आली.

"राहू दे म्हणतात. पाणी कुठवर येणार होतं, ते पोरांना दावायला बरं."

"बरं," मी म्हटलं. एवढा डोंगर बाटली सांभाळत चढलो होतो. "मंग ह्या रॉकेलचं काय करू?"

आजीनं बाटली माझ्या हातातनं काढून घेतली आणि दिव्यापाशी ठेवली.

"ह्याला इचारायला नको," ती म्हणाली.